सुमो ट्रॅफिक सिम्युलेटर: तीन वर्षं वापरल्यावर माझं मत

सुमो म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना टाटाची गाडी आठवते, पण हे सॉफ्टवेअर आहे. शहरातली वाहतूक कॉम्प्युटरवर चालवून बघायची, म्हणजे रस्ते, सिग्नल, बस, कार, दुचाकी, पायी चालणारे सगळे आत घालायचे आणि मग बघायचं की सिग्नल वीस सेकंदांनी वाढवला तर रांग कुठपर्यंत जाते, बसला वेगळी लेन दिली तर कोण अडकतं कोण सुटतं, आणि या सगळ्यात धूर वाढतो की कमी होतो. जर्मनीत विमानं आणि अंतराळाचं संशोधन करणारी डीएलआर नावाची संस्था आहे, तिच्या वाहतूक विभागाने हे बनवलं, २००१ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे आणि २०१७ पासून खुल्या सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळणाऱ्या एक्लिप्स फाउंडेशनचा प्रकल्प आहे. एक पैसा लागत नाही. मी एम.टेक. ट्रान्सपोर्टेशन करून आता एका छोट्या कन्सल्टन्सीत काम करते आणि गेली तीन वर्षं हे जवळजवळ रोज उघडतेय.

लिहायचं कारण असं की मागच्या काही महिन्यांत तीन-चार ज्युनियर मुलामुलींनी एकच प्रश्न विचारला, ताई सुमो शिकू की पैसे भरून दुसरं काहीतरी शिकू. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते, चांगलं काय, वाईट काय आणि कुठे फसायला होतं ते सगळं. मत आधीच सांगून टाकते: शिका. फक्त यातून जो आकडा बाहेर येतो तो जसाच्या तसा कुणाला सांगू नका, दोन-तीन पर्यायांतला कुठला बरा हे ठरवायला वापरा, आणि वापरायच्या आधी त्या चौकात जाऊन उभं राहा. ते उभं राहणं टाळणार असाल तर हे न वापरलेलं बरं, कारण चुकीचं उत्तर पण ते तितक्याच सुंदर रंगात दाखवतं.

कॉलेजात आमच्याकडे पीटीव्हीचं व्हिसिम होतं, असंच वाहतुकीचं सॉफ्टवेअर, जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या कंपनीचं, या क्षेत्रातलं सगळ्यात नावाजलेलं. छानच आहे ते. त्याचं थ्रीडी बघून समोरच्या माणसाला लगेच कळतं आपण काय म्हणतोय ते, आणि त्या बाबतीत सुमो बरंच मागे आहे. पण लायसन्स मोजके आणि मुलं जास्त, त्यामुळे संध्याकाळी उशिरापर्यंत लॅबमध्ये आपला नंबर कधी येतो म्हणून बसून राहायचं. बार्सिलोनाचं एमसन पण तसंच, पैशांचं. सुमो माझ्या आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं, एक चौक काय, अख्खं कोथरूड चालतं, फक्त पंखा जोरात फिरतो. विंडोज, लिनक्स, मॅक काहीही चालेल. आणि आतला कोड उघडा आहे, म्हणजे एक गाडी दुसरीच्या किती जवळ जाते, लेन कधी बदलते, हे कुठल्या सूत्राने ठरतं ते वाचता येतं आणि बदलताही येतं. मला ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आपल्या कराच्या पैशातून रस्ता खणायचा की नाही हे ज्या हिशोबावर ठरणार, तो हिशोब कुणालाही उघडून तपासता आलाच पाहिजे.

इन्स्टॉल झालं की पहिलं उघडायचं ते ओएसएम वेब विझार्ड, ओएसएम म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप, सगळ्यांसाठी खुला असलेला नकाशा. ब्राउझरमध्ये नकाशा येतो, आपला भाग चौकोनात घ्यायचा, कार बस सायकल काय हवं ते टिक करायचं आणि बटण दाबायचं, दोन मिनिटांत आपलाच रस्ता स्क्रीनवर येतो आणि त्यावर छोट्या पिवळ्या गाड्या पळायला लागतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा घरामागचाच रस्ता घेतला होता आणि आईला हाक मारून दाखवलं. आईने जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "अगं पण हे सगळे उजव्या बाजूने का चाललेत?" डावीकडून वाहतूक हा पर्याय मी निवडलाच नव्हता. तुम्ही निवडा, कारण नंतर सगळं जाळं पुन्हा बनवावं लागतं.

पण विझार्डची खरी अडचण वेगळीच आहे. रस्ता खरा असतो, गाड्या खऱ्या नसतात. कुठली गाडी कुठून निघाली आणि कुठे गेली हे रँडम टाकलेलं असतं. सिग्नलचं टायमिंगसुद्धा सॉफ्टवेअर आपल्या मनाने घालतं, बहुतेक वेळा नव्वद सेकंदांची सायकल, म्हणजे सगळ्या बाजूंचे लाल-हिरवे मिळून सिग्नलचा एक पूर्ण फेरा. नकाशात दोन लेन लिहिलेल्या असतात आणि प्रत्यक्षात डावी लेन पार्किंगने आणि भाजीच्या हातगाडीने खाल्लेली असते, ते त्याला कुठून कळणार. मी अशी प्रोजेक्ट बघितली आहेत ज्यात याच रँडम गाड्या चालवून शेवटी उत्सर्जनात इतके टक्के घट असा निष्कर्ष लिहिलाय. त्या टक्क्यांना काही अर्थ नाही, गाइडने सही केली असली तरी नाही.

आता आपल्या वाहतुकीचं काय, हे सगळेच विचारतात. सुमोचा मूळ स्वभाव जर्मन रस्त्यावरचा. गाडी लेनमध्ये राहणार, पुढच्या गाडीच्या मागे राहणार, आणि क्राउसच्या सूत्राप्रमाणे पुढच्याने करकचून ब्रेक मारला तरी धडकणार नाही इतकाच वेग ठेवणार. थांबल्यावर दोन गाड्यांत अडीच मीटर अंतर. अडीच मीटरमध्ये आपल्याकडे दोन स्कूटर आडव्या घुसतात! लेन ३.२ मीटरची, त्यात एक अ‍ॅक्टिव्हा उभी राहिली की लेन भरली असं ते धरतं. तसंच ठेवलं तर सिग्नलला मारुतीच्या शेपटीसारखी रांग दिसते, कारण खऱ्या रस्त्यावर जिथे तीन दुचाकी शेजारी शेजारी उभ्या असतात तिथे मॉडेलमध्ये त्या एकामागे एक लागतात. यावर उपाय आहे, सबलेन मॉडेल चालू करायचं. लॅटरल रेझोल्यूशन म्हणून एक सेटिंग आहे, मी ०.४ मीटर ठेवते, ते दिलं की लेनचे बारीक उभे पट्टे पडतात आणि मग दुचाक्या कारच्या बाजूने सरकत सरकत सिग्नलला सगळ्यात पुढे येऊन थांबतात. पहिल्यांदा ते स्क्रीनवर बघितलं तेव्हा फार बरं वाटलं, हा आपला चौक वाटतोय असं झालं. रिक्षा हा प्रकार तयार मिळत नाही, तो आपण बनवायचा, मी लांबी २.६ मीटर, रुंदी १.३ मीटर देते, पिकअप कारपेक्षा कमी, थांबल्यावरचं अंतर अर्धा मीटर. आयआयटी मुंबईत प्रा. टॉम मॅथ्यू यांच्या गटाने सुमोचाच पाया घेऊन सिमट्रॅम नावाचं सॉफ्टवेअर केलं होतं, खास मिश्र वाहतुकीसाठी, लेनच्या पट्ट्या पाडायची कल्पना त्यातही आहे. म्हणजे पवईतल्या लोकांना ही अडचण आधीच दिसली होती. आणि कुठल्या रस्त्यावरून तासाला किती वाहतूक जाऊ शकते याचे भारतीय आकडे हवे असतील तर सीआरआरआयचं, म्हणजे केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचं, २०१७ चं इंडो-एचसीएम हे मॅन्युअल आहे, मॉडेल जुळवताना ते शेजारी उघडं ठेवा, अमेरिकन मॅन्युअल नको.

राँग साइडने येणारे मात्र मला अजून नीट जमवता आलेले नाहीत. कुठूनही रस्ता ओलांडणारे लोकही अर्धेमुर्धेच जमतात. माझ्या रिपोर्टमध्ये मी हे पहिल्याच पानावर लिहिते.

आता माझ्या चौकाची गोष्ट, कारण तिथेच मी हे सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने शिकले. घराजवळचा चार रस्त्यांचा चौक, एका बाजूला शाळा, मोठ्या रस्त्यावर पीएमटीचा, म्हणजे पुण्याच्या शहर बसचा थांबा, पीएमपीएमएल होऊन इतकी वर्षं झाली तरी तोंडात पीएमटीच येतं. मंगळवार बुधवार गुरुवार, सकाळी साडेआठ ते साडेदहा, मी आणि माझा मावसभाऊ, हातात टॅली काउंटर, पंधरा पंधरा मिनिटांचे कप्पे, प्रत्येक वळण वेगळं, सरळ किती, उजवीकडे किती, फ्री लेफ्टने किती, आणि त्यातही दुचाकी, रिक्षा, कार, बस, टेम्पो वेगवेगळे. तीन दिवसांत पाय भरून आले. सिग्नलचं टायमिंग स्टॉपवॉच लावून घेतलं. घरी येऊन वळणांचे आकडे राउट सॅम्पलर नावाच्या स्क्रिप्टला दिले, ती त्या आकड्यांशी जुळतील असे गाड्यांचे मार्ग काढून देते, सबलेन वगैरे सगळं आधीच केलेलं होतं, आणि चालवलं. गाड्यांची संख्या बरोबर जुळली. रांग काही केल्या जुळेना. खऱ्या चौकात शाळेकडची रांग मेडिकलच्या दुकानाच्या पुढे जायची आणि माझ्या स्क्रीनवर ती निम्म्यातच संपायची. दोन आठवडे मी गाड्यांचे गुणधर्म खालीवर करत बसले, पिकअप कमी कर, अंतर वाढव, ड्रायव्हर जरा ढिले कर, काही उपयोग नाही.

मग एकदा सहज पुन्हा चौकात गेले तर तिथल्या ट्रॅफिक मामांनीच विचारलं, "ताई, मागे तीन दिवस उभ्या होतात, काय मोजत होतात?" सांगितलं सगळं, टायमिंगचा कागद पण दाखवला. त्यांनी बघितला आणि म्हणाले, "हे नऊपर्यंतचं झालं. नऊला शाळेच्या व्हॅन सुरू झाल्या की मी सिग्नलची पेटी उघडतो आणि हातावर घेतो. मोठ्या रस्त्याला बस दिसली की ती काढून देतो, मगच शाळेकडचं सोडतो. बस अडकली की सगळंच अडकतं ना." मी स्टॉपवॉच लावलं होतं ते नऊच्या आधी. नंतर परत लावायचं डोक्यातच आलं नव्हतं, सिग्नलचं टायमिंग एकदा घेतलं की झालं असं धरून चालले होते. त्या दिवशी त्यांच्या शेजारी पाऊण तास उभी राहिले आणि दर वेळी मोठ्या रस्त्याचा हिरवा किती सेकंद राहतो ते लिहीत गेले. कधी चाळीस, कधी सत्तर, एकदा तर शंभरच्या वर. ते घरी आल्यावर ट्रासीमधून घातलं, ट्रासी म्हणजे सिम्युलेशन चालू असताना पायथॉनमधून त्याला हुकूम द्यायची सोय, पन्नासेक ओळींचा कोड झाला असेल, आणि रांग मेडिकलच्या पुढे गेली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते एवढं आठवतं.

एका माणसाच्या हातावर चालणारा सिग्नल जसाच्या तसा मॉडेलमध्ये घालता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्या शहरांत कागदावरचं टायमिंग आणि रस्त्यावरचं टायमिंग यात जमीनअस्मानाचा फरक असतो आणि जे मॉडेल कागदावरचं घेऊन बसतं ते आपल्याला काहीच सांगत नाही. सुमोमधली माझी सगळ्यात आवडती सोय कुठली असं विचारलंत तर ट्रासी.

आता सगळ्यात मोठा सापळा, हा परिच्छेद प्लीज नीट वाचा. सुमोमध्ये एखादी गाडी ३०० सेकंद एका जागी अडकली की ते तिला उचलतं आणि पुढच्या मोकळ्या रस्त्यावर नेऊन ठेवतं. याला टेलिपोर्ट म्हणतात. हे मुद्दाम केलेलं आहे, नकाशातल्या एखाद्या चुकीमुळे अख्खं शहर ठप्प होऊ नये म्हणून, आणि मोठ्या जाळ्यात त्याची गरज पण पडते. पण तुम्ही कोंडीचाच अभ्यास करत असाल तर पाच मिनिटांनी कोंडीच उचलली जाते की. खऱ्या रस्त्यावर पाच मिनिटांनी कुणी आपली गाडी उचलून पुढे ठेवत नाही. एका कामात, कुणाचं होतं ते सांगत नाही, आमच्याकडे दुसऱ्यांनी केलेलं मॉडेल तपासायला आलं होतं. व्हिडिओ सुरेख, नवीन रचनेत चौक छान वाहतोय, मीटिंगमध्ये तो दाखवूनही झाला होता आणि सगळे खूश होते. आम्ही लॉग, म्हणजे चालताना सॉफ्टवेअर स्वतःच लिहीत जातं ती नोंद, मागितला, तो लगेच मिळाला नाही, दोनदा आठवण केल्यावर आला, आणि त्यात सकाळच्या एका तासात टेलिपोर्टच्या वॉर्निंगचा पाऊस. म्हणजे नवीन रचनेत गाड्या अडकत होत्या, सॉफ्टवेअर त्यांना उचलून नेत होतं आणि वर धूर कमी झाल्याचा तक्ता जोडलेला होता. ज्या गाड्या अडकून सगळ्यात जास्त धूर सोडणार त्याच हिशोबातून गायब! चूक कुणाचीही होते, माझी पण होते, पण लॉग न देता व्हिडिओ दाखवणं मला अजिबात पटत नाही आणि त्या दिवशी मला खूप राग आला होता. टाइम टू टेलिपोर्ट नावाचं सेटिंग उणे एक करा, म्हणजे ते बंद होतं. मग मॉडेल जाम झालं तर होऊ दे, कुठे जाम होतंय ते तरी कळेल. आणि कुणी तुम्हाला असा व्हिडिओ दाखवला तर पहिला प्रश्न हाच विचारा, टेलिपोर्ट किती झाले.

आता धुराचं. बरेच जण यासाठीच सुमोकडे येतात. यात प्रत्येक गाडीचा दर सेकंदाचा वेग आणि प्रवेग घेऊन त्यावरून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन, नायट्रोजन ऑक्साइड, धुलिकण आणि इंधन काढलं जातं. हे का चांगलं ते सांगते. जुन्या पद्धतीत रस्त्याचा सरासरी वेग घ्यायचा आणि तक्त्यातून आकडा उचलायचा. आता एक रस्ता असा की सगळे संथपणे ताशी वीसने चाललेत, आणि दुसरा असा की चाळीसने पळ, थांब, परत पळ, परत थांब, सरासरी तीच वीस. तक्त्यात दोन्ही सारखे. आपल्याला माहितीये दुसऱ्या रस्त्यावर पेट्रोल जास्त जळतं, दर वेळी गाडी शून्यापासून उठवायची म्हणजे काय ते कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा. सुमोला हा फरक दिसतो. सिग्नलचं काम, बसथांब्याचं काम, स्पीडब्रेकरचं काम, या सगळ्यात हाच फरक महत्त्वाचा असतो.

पण, आणि हा पण मोठा आहे, आतले आकडे युरोपातले. एचबीईएफए नावाची जी उत्सर्जनाची हँडबुक आहे ती जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया वगैरे देशांची, आणि दुसरं फेमलाइट नावाचं मॉडेल आहे ते ऑस्ट्रियातल्या ग्राट्स टेक्निकल युनिव्हर्सिटीचं. आपल्याकडे बीएस-४ देशभर एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून, हे नियम युरो ४ आणि युरो ६ च्या धर्तीवरचे, त्यामुळे नवीन कारला उत्सर्जनाचा जवळचा क्लास, म्हणजे गट, सापडतो. पण आपल्या रस्त्यावर त्याआधीच्या गाड्या किती आहेत, पीयूसी कसं निघतं, टेम्पोत माल किती भरलेला असतो हे सगळं आपल्याला माहितीये. कारला तुम्ही काहीच क्लास दिला नाही तर ते पेट्रोलची युरो ४ धरतं, दुचाकीला आणि आपण बनवलेल्या रिक्षाला काय धरलंय ते तर हमखास उघडून बघा. आणखी एक, लाल दिव्यावर मोठा काउंटडाउन दिसला की आपल्याकडे खूप जण इंजिन बंद करतात. मॉडेलमधल्या गाड्या सिग्नलला इंजिन चालू ठेवूनच उभ्या असतात. आणि धुलिकण जे येतात ते फक्त सायलेन्सरमधले, टायर-ब्रेकची झीज नाही आणि रस्त्यावरची धूळ तर नाहीच, आणि आपल्या शहरांत त्या धुळीचा वाटा मोठा असतो. म्हणून मी सुमोच्या धुलिकणांचा आकडा रिपोर्टमध्ये देतच नाही, कार्बन डायऑक्साइड आणि इंधन एवढंच देते.

आकडा ठीक आलाय का हे बघायची माझी साधी युक्ती: एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, डिझेलला साधारण २.७, आणि वजनाला वजन लावलं तर एक किलो इंधनाला तीन किलोच्या थोडं वर. आउटपुटमधल्या दोन कॉलमचा भागाकार करायचा. आधीच्या व्हर्जनमध्ये इंधन मिलिलिटरमध्ये यायचं, आता मिलिग्रॅममध्ये येतं, जुनी एक्सेल शीट घेऊन नवीन आउटपुट चिकटवलं की सगळं चुकतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. हा भागाकार केला की लगेच लक्षात येतं.

माझ्या चौकात पुढे चार गोष्टी करून बघितल्या. सिग्नलची सायकल मोठी करणं, ती छोटी करणं, शाळेकडचं उजवं वळण बंद करणं, आणि बसथांबा सिग्नलच्या अलीकडून पलीकडे नेणं. इथे एक सांगायचं राहिलं, सुमो दर वेळी त्याच एका सीडने, म्हणजे ज्या आकड्यावरून सगळ्या रँडम गोष्टी ठरतात त्या आकड्याने, चालतं, २३४२३, त्यामुळे तुम्ही शंभर वेळा चालवलंत तरी उत्तर तेच येणार आणि तुम्हाला वाटणार वा किती खात्रीशीर. तसं नाही, सीड बदलून बदलून चालवायचं, मी दहा वेगवेगळे घेतले. मोठ्या सायकलमध्ये रांगा वाढल्या आणि इंधनही वाढलं. छोटी सायकल दहापैकी सहा वेळा आताच्यापेक्षा बरी आणि चार वेळा वाईट, म्हणजे काही सांगता येत नाही. उजवं वळण बंद केल्यावर चौकातला धूर कमी झाला, पण त्या सगळ्या गाड्या पुढच्या गल्लीतून वळसा घ्यायला लागल्या, तिथे दोन्ही बाजूला खिडक्या आहेत लोकांच्या, आणि एकूण हिशोबात काहीच वाचलं नाही. आणि बसथांबा पुढे नेला तो दहाच्या दहा वेळा बरा निघाला. कारण अगदी साधं आहे, आता बस हिरव्या दिव्यात थांब्यावर उभी राहून प्रवासी घेते, तिच्या मागच्या सगळ्यांचा हिरवा वाया जातो, आणि बस निघते तोवर लाल. थांबा पलीकडे असेल तर ती आधी चौक ओलांडते आणि मग थांबते. मामा बसला आधी का काढून देतात तेही मला तेव्हाच पूर्ण कळलं, ते रोज हाताने हेच करत होते.

किती टक्के वाचलं ते मी मुद्दाम लिहीत नाही. वर सांगितलं ना, पर्यायांचा क्रम मला खात्रीने सांगता येतो, ग्रॅमचा आकडा नाही.

सुमोला काय जमत नाही हेही सांगते. आपण जितक्या गाड्या देतो तितक्याच ते चालवतं. रस्ता मोकळा झाला की आणखी लोक गाड्या काढतात, पीएमटीने जाणारा स्कूटर घेतो, हे त्याला माहीत नाही. त्यामुळे उड्डाणपूल टाकला की पहिल्या दिवशी काय होईल ते ते सांगेल, पाच वर्षांनी काय ते नाही. पुण्याने विद्यापीठ चौकातला पूल बांधलेलाही बघितला आणि २०२० मध्ये मेट्रो आणि दुमजली पुलाच्या कामासाठी पाडलेलाही बघितला, त्यामुळे पाच वर्षांनंतरचं काय हा प्रश्न आपल्याला तरी विचारावाच लागतो. लोक काय निवडतील याचं मॉडेल वेगळं असतं, त्यासाठी मॅटसिमसारखी दुसरी साधनं आहेत, किंवा जुन्या पद्धतीची मोठी शहरभराची मॉडेलं. ती नीट केली तर उपयोगी पडतात. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने शहराच्या मध्यभागात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावून बघितलं, लोकांना आधी ते अजिबात नको होतं, पण हद्दीवरची वाहतूक साधारण वीस टक्क्यांनी कमी झाली, आणि मॉडेलने आधीच साधारण तेवढंच सांगितलं होतं. २००७ पासून ते शुल्क कायमचं झालं. माझ्या मते तिथे मॉडेलपेक्षाही महत्त्वाचं हे की त्यांनी आधी सांगितलं, मग करून बघितलं, मग मोजलं आणि ते सगळ्यांसमोर ठेवलं.

बारीक तक्रारी आहेत. सगळं एक्सएमएल नावाच्या, खुणांनी भरलेल्या टेक्स्ट फाइल्समध्ये, पहिले दोन आठवडे डोकं दुखतं. नेटएडिट, म्हणजे ज्यात रस्ते माउसने काढायचे ते, मोठ्या नकाशावर माझ्याकडे अडखळतं, दर दहा मिनिटांनी सेव्ह करा. नकाशातून आणलेले चौक तुटक येतात, एकाच चौकाचे चार छोटे चौक होतात, ते जोडायचा पर्याय आहे पण हाताने बघावंच लागतं, माझा निम्मा वेळ त्यातच जातो. मराठीत काहीच नाही, पण डॉक्युमेंटेशन इंग्रजीत खूप व्यवस्थित आहे, ट्यूटोरियलही चांगली आहेत, आणि दरवर्षी नवीन व्हर्जन येत राहतात. पैसे देऊन क्लास लावायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत. पायथॉन थोडं आलं पाहिजे, न येणाऱ्याने आधी महिनाभर ते करावं.

कुणी घ्यावं: सिव्हिलची मुलं, ज्यांना सिग्नल-बस-सायकल यात खरंच रस आहे ती, आणि नागरिक संघटनांमधले लोक ज्यांना महापालिकेत जाऊन नुसतं निवेदन देण्याऐवजी हातात काहीतरी ठोस घेऊन जायचंय. कुणी घेऊ नये: ज्याला परवा प्रेझेंटेशन आहे. स्टार पाचपैकी साडेचार, अर्धा टेलिपोर्ट बाय डिफॉल्ट चालू असल्याबद्दल कापला.

बसथांब्याचं निवेदन सगळ्या फाइल्स आणि लॉगसकट दिलंय, उत्तर यायचंय. शाळा जूनमध्ये सुरू झाल्या की पुन्हा मोजणी करायचीये, या वेळी नऊच्या आधी आणि नंतर वेगवेगळी, आणि पावसातली एक. मावसभावाला नोकरी लागली त्यामुळे माणसं कमी पडतायत. कोथरूडच्या आसपास राहणारं कुणी असेल तर कमेंटमध्ये सांगा, सकाळी साडेआठला यायचं, काउंटर मी देते, दहानंतर चहा आणि पोहे पण माझ्याकडून.